चिंगीला इंजेक्शन नाही, बंड्याला महिनाभर गोळ्या

आमची चिंगी हॅम्बुर्गची मांजर, ताईचा बंड्या मुलुंडचा कुत्रा. गेल्या पावसाळ्यात दोघं एकाच सुमारास आजारी पडले आणि व्हिडिओ कॉलवर वादाला तोंड फुटलं. ताई म्हणते, तुमच्याकडचे डॉक्टर औषध द्यायला घाबरतात. माझी इथली शेजारीण म्हणते, तुमच्या मुंबईत ऊठसूट अँटिबायोटिक देतात. मला विचाराल तर दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर होते.

आधी चिंगी. वय तीन. सारखी ट्रेमध्ये जाऊन बसायची, दोन थेंब लघवी व्हायची आणि तीही लालसर. आपल्याकडे कोणीही सांगेल, युरिन इन्फेक्शन! मला तिच्यासाठी सेफोवेसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन हवं होतं. एकदा टोचलं की साधारण दोन आठवडे काम करतं. मांजराच्या घशाखाली गोळी उतरवण्याचा प्रयत्न ज्यांनी केलाय, त्यांना या इंजेक्शनची महती वेगळी सांगायला नको.

डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या. तरुण मांजरांमध्ये असा त्रास बहुतेक वेळा जंतूंमुळे नसतोच. मूत्राशयाला सूज येते, त्यामागे अनेकदा ताण असतो, आणि काही दिवसांत ती आपसूक ओसरते. मग इंजेक्शन दिलं असतं तरी चिंगी बरीच झाली असती, आणि श्रेय इंजेक्शनला गेलं असतं! हा मुद्दा मला फार पटला. अशाच खोट्या श्रेयावर कितीतरी औषधांची कीर्ती उभी असणार.

शिवाय कायदा आहेच. सेफोवेसिन हे तिसऱ्या पिढीचं सेफॅलोस्पोरिन, म्हणजे अँटिबायोटिक्सच्या एका गटातलं नवं औषध. जर्मनीत २०१८ पासून कुत्र्यामांजरांनासुद्धा या गटातलं किंवा फ्लुरोक्विनोलोन या दुसऱ्या अँटिबायोटिक गटातलं औषध द्यायचं, तर नमुना घेऊन कोणता जंतू कोणत्या औषधाला दाद देतो हे लॅबकडून तपासून घ्यावं लागतं. माणसांच्या गंभीर आजारांसाठी ही औषधं राखून ठेवायची, हा त्यामागचा हेतू. जंतूंना काय, मांजर आणि मालकीण सारखीच.

मग सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, पोटातून बारीक सुई घालून थेट मूत्राशयातली लघवी घेतली. ट्रेमधली घेतली तर बाहेरचे जंतू मिसळतात आणि रिपोर्टला अर्थ राहत नाही. लॅबमध्ये काहीच वाढलं नाही. वेदनाशामक औषध, ओलं खाणं, घरात पाण्याच्या जास्त वाट्या, एवढ्यावर चिंगी सुधारली. (बोका असेल आणि लघवी अजिबात होत नसेल, तर मात्र एक तासही वाट बघू नका. मार्ग तुंबला की जिवावर बेततं.) बिलाबद्दल न बोललेलं बरं. इथे प्राण्यांच्या डॉक्टरांची फी सरकारी दरपत्रकाप्रमाणे असते आणि २०२२ च्या नोव्हेंबरपासून ती चांगलीच वाढली आहे.

आता बंड्या. ताप, खाणं बंद, हिरड्यांवर लाल ठिपके. प्लेटलेट्स घसरलेल्या. मुलुंडच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलं. शेजारणीने हे ऐकून नाक मुरडलं. पण तिला मुंबईची गोचीड कुठे माहीत आहे? एर्लिकिया हा जंतू गोचिडीच्या चाव्यातून येतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींत घर करतो. ही तपकिरी गोचीड भिंतींच्या फटींत, सोफ्याच्या शिवणीतही राहते आणि मुंबईच्या हवेत तिला थंडीची सुट्टी नसते. हॅम्बुर्गमध्ये हा आजार दिसतो तो प्रामुख्याने दक्षिण युरोपातून आणलेल्या कुत्र्यांत, म्हणून इथे त्याला प्रवासातला आजार म्हणतात. मुलुंडमध्ये तो घरचाच. त्यात पावसाळा, म्हणजे तुंबलेल्या पाण्यातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाची) भीती, आणि त्यावरही डॉक्सिसायक्लिन चालतं. अशा वेळी थांबणं ही सावधगिरी नव्हे.

खरी कसोटी पुढे असते. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, कुत्रा जेवायला लागतो आणि घरच्यांना वाटतं, झालं. पण कोर्स साधारण चार आठवड्यांचा. बंड्याच्या गोळ्या नेहमीच्या केमिस्टकडूनच येत होत्या, बिलावर रुग्णाचं नाव ‘बंड्या’. गोळी जेवणासोबत द्यायची, दुधातून नाही, कारण कॅल्शियममुळे ती नीट शोषली जात नाही. आणि हेच औषध मांजराला कोरडं देऊ नका. गोळी अन्ननलिकेत अडकून जखम होते, म्हणून मागून थोडं पाणी किंवा खाणं हवंच.

माझी तक्रार आहे ती खाजेबद्दल. पावसाळ्यात कुत्रा खाजवायला लागला की गेल्या वर्षीची चिठ्ठी घेऊन केमिस्टकडे जायचं आणि सेफपोडॉक्झिम हे अँटिबायोटिक आणायचं, हे ताईच्या सोसायटीत सर्रास चालतं. १ मार्च २०१४ पासून हे औषध शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. केमिस्टने वेगळ्या रजिस्टरात नोंद करून ती तीन वर्षं जपायची असते. पण नियमाचं राहू द्या, खाज कशाची आहे हेच कोणी बघत नाही. त्वचेवर चिकटपट्टी दाबून ती काचेवर लावायची आणि मायक्रोस्कोपखाली बघायची, काही मिनिटांचं काम. यीस्ट (एक प्रकारची बुरशी) निघालं तर अँटिबायोटिक कितीही द्या, उपयोग शून्य. जंतू निघाले तरी त्यामागे बहुधा ॲलर्जी किंवा पिसवा असतात आणि त्या तशाच राहिल्या तर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तपासणीची सोय मुंबईत नाही असंही नाही. परळला बैलघोड्याच्या, म्हणजे प्राण्यांच्या जुन्या हॉस्पिटलच्या आवारात पशुवैद्यकीय कॉलेज १८८६ पासून आहे.

वरवरचं इन्फेक्शन असेल तर पुष्कळदा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या शॅम्पूवरच भागतं. फक्त फेस अंगावर दहा मिनिटं राहायला हवा. बंड्याला दहा मिनिटं बाथरूममध्ये धरून ठेवायचं काम सध्या भावोजींकडे आहे, आणि त्यांच्या मते जर्मनीने यावरही काहीतरी कायदा करावा.