तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या घरी गाडी का नाही

"गाडी का घेत नाही? आणि ॲपवरची गाडी तर चालवताच की, मग त्याने कार्बन कसा कमी होतो?" कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या मराठी मंडळींत हा प्रश्न मला इतक्यांदा आला आहे की आता एकदाच सविस्तर लिहिते. पैसे आहेत. लायसन्सही दोघांकडे आहे. हे आधीच सांगते, कारण प्रश्नाचा रोख बहुतेक वेळा तिकडेच असतो.

आम्ही वापरतो ती सामायिक गाडी (कार-शेअरिंग): कंपनीचं सभासद व्हायचं, शहरात उभी असलेली गाडी ॲपवरून उघडायची, स्वतः चालवायची आणि वापरलेल्या वेळेचे पैसे द्यायचे. पहिलं म्हणजे, हे उबर नव्हे. उबर आणि लिफ्ट या ॲप-टॅक्सी कंपन्या इथे जानेवारी २०२० मध्ये आल्या. मोडो, कार टू गो, इव्हो या सामायिक गाड्यांच्या कंपन्या त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या. उबरवाला तुम्हाला सोडून पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत रिकामा फिरतो आणि त्या रिकाम्या फेऱ्यांचाही धूर होतोच. अमेरिकेतल्या 'युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स'ने २०२० मध्ये हिशेब मांडला होता: अशी फेरी ज्या प्रवासाची जागा घेते, त्यापेक्षा सरासरी ६९ टक्के जास्त प्रदूषण करते. सामायिक गाडी तुम्ही स्वतः चालवता आणि काम झालं की ती उभी राहते. दोन्ही एकाच दावणीला बांधू नका.

आता माझ्या विरोधात जाणारी गोष्ट, तीही मीच सांगते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या इलियट मार्टिन आणि सुझन शाहीन यांनी उत्तर अमेरिकेतल्या सामायिक गाड्यांच्या सभासदांचा जो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात बहुसंख्य घरांचं उत्सर्जन सभासद झाल्यावर थोडं वाढलेलं आहे. आधी ज्यांच्याकडे गाडीच नव्हती, त्यांच्या हाताशी ती आली. उरलेल्या घरांची घट मात्र एवढी मोठी, की एकूण बेरीज घटीची निघाली. आम्ही त्या बहुसंख्यांतले. पुण्याहून आलो तेव्हा बसने आणि स्कायट्रेनने, म्हणजे इथल्या मेट्रोने, फिरायचो. स्कायट्रेन विजेवर, शहरातल्या बऱ्याच बसही तारेवरच्या, आणि इथली वीज जवळजवळ सगळी जलविद्युत. त्यामुळे पहिल्यांदा सामायिक प्रियस (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी) काढून किराणा आणायला गेलो, त्या दिवशी आमचा कार्बन वाढला. त्यावर माझा वाद नाही.

मग बचत कुठे आहे? त्याच अभ्यासात दोन आकडे आहेत. लोकांनी प्रत्यक्षात जे बदललं तेवढंच धरलं, तर दर घरामागे वर्षाला सरासरी ०.५८ टन घट. ही सोय नसती तर त्यांनी जी गाडी घेतली असती तीही धरली, तर ०.८४ टन. या दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे न घेतलेल्या गाड्या. आमचं घर त्या अंतरात येतं.

२०१८ च्या नोव्हेंबरात आई सांगलीहून आली होती. मुलगा तीन वर्षांचा. मध्यरात्रीनंतर त्याला क्रूपचा (लहान मुलांची श्वासनलिका सुजून होणारा) खोकला सुरू झाला, कुत्रं भुंकल्यासारखा, आणि श्वास घेताना छाती आत ओढली जायला लागली. ॲपवर दोन गल्ल्यांपलीकडे गाडी दिसत होती. नवरा पावसात पळत गेला. गाडी होती, पण उघडेना. मदतीच्या नंबरवर नुसतं संगीत वाजत राहिलं. टॅक्सीवाले म्हणाले, वेळ लागेल. मी रुग्णवाहिका बोलावली आणि आम्ही दारात उभ्या राहिलो, आईच्या शालीत गुंडाळलेलं पोर आळीपाळीने खांद्यावर घेऊन. थंड हवेने त्याचा श्वास जरा मोकळा झाला, पण ते आम्हाला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तेव्हा आम्हाला फक्त तो आवाज ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर आई म्हणाली, "अगं, कुणासाठी करतेस हे?" मी कार्बनचं काहीतरी बोलायला लागले. तिने हातातल्या पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. "या मोड आणि गाडी घे. मी परत जायच्या आत ती दाराशी दिसू दे."

त्याच आठवड्यात आम्ही शोरूममध्ये गेलो. कोरोला पसंत केली. सहीपर्यंत आलो आणि मी थांबले. वर्षाला दहा हजार किलोमीटर, शंभर किलोमीटरला सात लिटर, म्हणजे ७०० लिटर पेट्रोल, सुमारे १.६ टन कार्बन डायऑक्साइड. आणि ते दहा हजार झालेच असते. हप्ता आणि विमा भरून झाला की प्रत्येक फेरी फुकट वाटते. तासावर पैसे मोजताना तसं होत नाही. दूध आणायला माणूस चालत जातो. रात्री पोराचा श्वास अडकला तर रुग्णवाहिका बोलवायची, हे त्या रात्रीनेच शिकवलं. हे सगळं मी आईला सांगितलं. तिने पाटल्या परत हातात घातल्या. अजूनही हा विषय निघाला की ती फोन बाबांकडे देते.

तुम्ही म्हणाल, तत्त्वासाठी पोराचा जीव टांगणीला लावलात. नाही. गाडी दाराशी असती तरी तसल्या श्वासाचं मूल मागे बसवून पावसात हाकत जाणं मला शहाणपणाचं वाटत नाही. पण हे मी आज शांतपणे लिहिते आहे. त्या दारात उभी असताना मला गाडी हवी होती.

तेव्हाची मी मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत छातीठोकपणे सांगायचे की एक सामायिक गाडी ७ ते ११ गाड्या कमी करते. तो आकडा बर्कलीच्याच २०१६ च्या कार टू गोच्या अभ्यासातला, आणि त्यात व्हँकूव्हरही होतं. पण त्यातही विकलेल्या गाड्या कमी आणि न घेतलेल्याच जास्त. आणि सोय नसती तर आपण काय केलं असतं, हे लोकांनी स्वतःच सांगितलेलं. शिवाय फेब्रुवारी २०२० अखेर कार टू गो हे शहर सोडून गेली. तिच्या भरवशावर न घेतलेल्या गाड्यांपैकी किती नंतर घेतल्या गेल्या? सोय टिकली तरच ही बचत टिकते. तेव्हाची मी यावर म्हणाली असती, मग सोय टिकवण्यासाठी भांडा. तिचं तेही मला पटतं.

आता नवरा म्हणतो, विजेची घेऊ. इथल्या विजेवर तिचा चालवण्याचा कार्बन सामायिक हायब्रिडपेक्षा कितीतरी कमी पडेल. मी बॅटरी आणि गाडी बनवतानाच्या उत्सर्जनाकडे बोट दाखवते. तो विचारतो, सामायिक गाड्या काय बनवाव्या लागत नाहीत? आमच्या इमारतीत चार्जर नाही, म्हणून सध्या विषय थांबला आहे. पुढच्या महिन्यात सोसायटीच्या बैठकीत चार्जर बसवायचा ठराव येतो आहे, आणि माझं मत कुठे पडणार ते अजून ठरलेलं नाही.