चोरी पडद्याबाहेरच झाली

शनिवार, रात्री उशिरा

‘न्यू रोझ हॉटेल’ एकदाचा बघून झाला. १९९८ चा सिनेमा. दिग्दर्शक एबल फेरारा, मूळ कथा विल्यम गिब्सनची, पडद्यावर क्रिस्टोफर वॉकेन, विलेम डेफो आणि आशिया आर्जेंटो. बऱ्याच दिवसांपासून यादीत होता, कारण कॉर्पोरेट हेरगिरीवरचा सायन्स फिक्शन थ्रिलर म्हटलं की हे नाव कुठून तरी पुढे येतंच. पदरी घोर निराशा. झोप येत नाहीये, तर नक्की कुठे बिनसलं ते लिहून ठेवतो. (पुढे सगळी गोष्ट फोडलेली आहे.)

कल्पना अजूनही झकास वाटते. फॉक्स (वॉकेन) आणि एक्स (डेफो) हे दोघे दलाल. एका बलाढ्य कंपनीतला हिरोशी नावाचा असामान्य शास्त्रज्ञ फोडून दुसऱ्या कंपनीकडे, होसाकाकडे, आणायचा. फाइल किंवा फॉर्म्युला चोरून भागत नाही, कारण पुढचे दहा शोध त्याच्या डोक्यात आहेत. म्हणून माणूसच उचलायचा. त्यासाठी सँडी (आर्जेंटो) नावाची तरुणी गळाला लावायची. तिने त्याला प्रेमात पाडायचं, घरदार आणि नोकरी सोडायला लावायचं. तिला या कामासाठी तयार करता करता एक्स स्वतःच तिच्यात गुंततो. सौदा पार पडतो, हिरोशी माराकेशच्या प्रयोगशाळेत पोचतो, होसाका आपले उत्तमोत्तम संशोधक तिथे जमवते, आणि मग रोगाची लागण होऊन सगळे संपतात. सँडी गायब. ती पहिल्यापासून कुणाची होती, हे तेव्हा कळतं.

गिब्सनने हे १९८४ मध्ये लिहिलं हे विशेष. त्यानंतर नऊ वर्षांनी गाडी उद्योगात जवळपास हाच खेळ झाला. जनरल मोटर्सचा खरेदीप्रमुख लोपेझ कंपनीतच राहणार, बढतीही घेणार, हे जाहीर करायला मार्च १९९३ मध्ये पत्रकार परिषद बोलावलेली, आणि हा पठ्ठ्या आलाच नाही. गेला फोक्सवॅगनकडे. सोबत गोपनीय कागदपत्रं नेल्याचा आरोप झाला, प्रकरण चिघळत गेलं आणि १९९७ मध्ये तडजोड झाली: फोक्सवॅगनने १० कोटी डॉलर मोजायचे आणि वर १०० कोटी डॉलरचे सुटे भाग जनरल मोटर्सकडून घ्यायचे. त्या रिकाम्या खुर्चीसमोर पत्रकारांना तोंड देणाऱ्या अध्यक्षाच्या चेहऱ्यात जेवढं नाट्य असेल, तेवढं या अख्ख्या सिनेमात नाही. एक माणूस गेला तर कंपनी का हादरते, हे तिथे एका झटक्यात कळतं. इथे फॉक्स ते बोलून दाखवतो. पुन्हा पुन्हा.

माझी खरी तक्रार हीच आहे. हेरगिरीच्या गोष्टीत मजा असते ती कामात. सँडी हिरोशीला नेमकं काय म्हणाली? तो कधी विरघळला? बायकोला सोडून निघताना त्याने काय पाहिलं, काय टाळलं? यातलं काही आपल्यासमोर घडत नाही. हिरोशी दिसतो तो बहुतेक वेळा खराब, थरथरत्या व्हिडिओ फुटेजमध्ये, आणि ते फुटेज बघणारी दोन माणसं खोलीत बसून त्यावर बोलतात. म्हणजे आपण चोरी बघत नाही. चोरी बघणाऱ्यांना बघतो. हिरोशीच्या भूमिकेत योशिताका अमानो आहेत, ‘फायनल फँटसी’ गेमची चित्रं काढणारे. त्यांना घेतलं, आणि दाण्यादाण्यांच्या पडद्यामागे ठेवून दिलं. होसाकाच्या अधिकाऱ्याच्या भूमिकेत संगीतकार र्‍युइची साकामोतो! तेही येतात आणि जातात.

बजेट कमी होतं हे खोल्या, बार आणि गाडीच्या काचा बघून कळतं. पण ती सबब मला पटत नाही. शेन कॅरुथने ‘प्रायमर’ हा सिनेमा अवघ्या ७,००० डॉलरच्या आसपास उभा केला आणि २००४ मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवात परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक घेतलं. त्यातही गॅरेज, खोल्या आणि बडबडच आहे. फरक असा की तिथली माणसं बोलताना हाताने काहीतरी जुळवत असतात, चुकतात, परत जुळवतात. निम्मं डोक्यावरून गेलं तरी त्यांच्या हातांवरून नजर हलत नाही. इथे कुणी काही करतच नाही. वॉकेन काठी टेकत येतो, वाक्य नको तिथे तोडतो, भलत्याच शब्दावर जोर देतो, आणि तेवढी दोन मिनिटं सिनेमा जागा होतो. तो गेला की पुन्हा मंद लाल उजेड, नाचणाऱ्या मुली, आणि कुणीतरी कुणाला तरी कुरवाळतंय.

आणि मग तो शेवट. फॉक्स मेलेला, एक्स जीव मुठीत धरून खुराड्याएवढ्या कॅप्सूल हॉटेलात लपलेला. इथून जवळजवळ सिनेमा संपेपर्यंत आधीचेच प्रसंग परत दाखवले जातात. सुरुवातीला वाटलं फाइलच बिघडली. मग राग आला: पैसे संपले म्हणून जुनंच चित्रीकरण शिळ्या कढीसारखं ऊत आणून वाढताहेत. थोड्या वेळाने लक्षात आलं की प्रसंग हुबेहूब तेच नाहीत. एखादं हसू आता जरा जास्त वेळ टिकतं, एखादी नजर मघाशी कापलेली असते. एक्स आठवणी उकरून बघतोय, आपण काय पाहिलं नाही ते शोधतोय. कल्पना म्हणून हे मला अजूनही आवडतं. फसवला गेलेला माणूस हेच करणार.

पण उकरायला मुळात काही पुरलेलं असावं लागतं ना. गिब्सनच्या कथेत सँडीच्या पर्समध्ये निवेदकाला एक डिस्केट सापडते आणि तो ती सोडून देतो. बस, एवढीशी वस्तू, पण पुढे तीच मान पिरगाळते. सिनेमात मी दुसऱ्या फेरीत सँडीचा चेहरा डोळे ताणून बघितला. दिसली ती सुंदर, कंटाळलेली मुलगी, पहिल्या फेरीत दिसली तशीच. धागाच नाही, तर उसवणार काय?

फेराराला हेरगिरीत रस नव्हताच, असं वाटतं. त्याला एका भोळसट पुरुषाची प्रेमकथा करायची होती. कंपन्या, प्रयोगशाळा, रोग हे सगळं भाड्याने आणलेलं सामान. तसंही चाललं असतं. डेफोच्या चेहऱ्यावर ती वेदना आहे, शेवटी तर नक्कीच आहे. मग सायन्स फिक्शनचा फलक कशाला लावला? भविष्यकाळ म्हणून हातात काय, तर एक छोटंसं स्क्रीनवालं यंत्र.

पाचपैकी दोन. त्यातला दीड वॉकेनचा, अर्धा त्या पुन्हा दाखवलेल्या प्रसंगांमागच्या कल्पनेचा. उद्या गिब्सनची कथा काढतो. सिनेमा ९३ मिनिटांचा आहे, तेवढ्यात ती दोनदा वाचून होईल.