लुईस बेटावरचा एकटा दगड आणि पश्चिम किनाऱ्याची भटकंती

स्कॉटलंडच्या वायव्येला आउटर हेब्रिडीज बेटं आहेत, त्यांतलं अगदी उत्तरेचं लुईस. इथे येणारे बरेच जण कॅलनिशचं शिळावर्तुळ बघून माघारी फिरतात. तिथून तीसेक किलोमीटरवर बालन्त्रुशल गावात एक दगड एकटाच उभा आहे, क्लाख अन त्रुशल. तो बघितल्याशिवाय बेट सोडू नका.

बेटावरच्या मुख्य गावाहून, स्टॉर्नोवेहून, निघालं की रस्ता पीटच्या माळावरून जातो. पीट म्हणजे दलदलीत कुजलेल्या वनस्पतींची माती, ती वाळवून जाळतात. दोन्ही बाजूंना तपकिरी दलदल, मधेच पाण्याची डबकी, झाड नावालाही नाही. बार्व्हस गाव ओलांडून बेटाच्या उत्तर टोकाकडे, नेसच्या दिशेने, थोडं पुढे गेलं की समुद्राच्या बाजूला गावात शिरणारी वाट लागते. दगड घरांच्या अगदी शेजारीच आहे, त्यामुळे गाडी कुणाच्या दारात किंवा फाटकासमोर लावू नका.

उंची जवळजवळ ६ मीटर. स्कॉटलंडमधल्या उभ्या शिळांमध्ये हीच सर्वांत उंच. पायथ्याशी जाऊन मान वर केली की मगच ती उंची अंगावर येते. पृष्ठभागावर दगडफुलाचे करडे-हिरवट थर चढलेत. हात लावला तर वाऱ्याकडची बाजू खरखरीत आणि गार लागते. मॉरिसन आणि मॅकऑले घराण्यांच्या शेवटच्या लढाईची ही खूण, असं गावात पिढ्यानपिढ्या सांगतात. दगड मात्र त्या घराण्यांच्या कितीतरी आधीचा, सुमारे ५००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. कधीकाळी इथेही वर्तुळ होतं म्हणतात. त्यातला याच्याशिवाय उरलेला शेवटचा दगड १९१४ मध्ये काढला आणि कुठल्याशा दारावर तुळई म्हणून बसवला. हे कळल्यावर आजूबाजूच्या रिकाम्या गवताकडे बघताना मला फार वाईट वाटलं.

लुईसचा मूळ खडक नाइस जातीचा, जवळपास ३०० कोटी वर्षांचा. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे याच्यापुढे अगदीच तान्हा.

बालन्त्रुशलहून कॅलनिशच्या दिशेने येताना आर्नोलचं ‘ब्लॅकहाउस’ लागतं. जाड दगडी भिंती, गवताचं छप्पर, माणसं आणि गुरं एकाच छपराखाली. धुराडं नाही, जमिनीवर मधोमध पीटची आग धुमसत असते आणि धूर छपरातून वाट काढतो. १९६६ पर्यंत इथे माणसं राहत होती. इथे घाई करू नका. डोळे अंधाराला सरावले की मगच घर दिसायला लागतं. धुराचा वास कपड्यांना दिवसभर राहतो. रविवारी हे बंद असतं.

पुढे डून कार्लोवेचा दुहेरी भिंतींचा प्राचीन बुरूज आहे, एका बाजूने सुमारे ९ मीटर उंच उरलेला. भिंतींच्या पोकळीतल्या पायऱ्या आवर्जून बघा. कॅलनिश शेवटी ठेवा. १३ शिळांचं वर्तुळ, मधोमध ४.८ मीटरची शिळा आणि उत्तरेकडे जाणारी शिळांची दुहेरी रांग. जूनमध्ये सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे बसमधून येणारी गर्दी ओसरल्यावर निवांत बघता येतं.

स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या उल्लापूल बंदराहून स्टॉर्नोवेला फेरीबोट अडीच-पावणेतीन तासांत पोचवते. गाडी न्यायची असेल तर उन्हाळ्यात आरक्षण खूप आधी करा. वारा जोरात असला की फेऱ्या रद्दही होतात, म्हणून परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस ठेवा. ग्लासगो आणि इन्व्हर्नेसहून विमानंही आहेत. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची. आतले रस्ते एकपदरी आहेत. समोरून गाडी आली की बाजूच्या रुंद जागेत थांबायचं. मागच्याला पुढे जाऊ देण्यासाठीही तसंच. मेंढ्या रस्त्यातच बसतात.

रविवार इथे पाळला जातो. बहुतेक दुकानं, उपाहारगृहं बंद आणि बसही नाहीत. खाणं आणि पेट्रोल शनिवारीच घ्या. शाकाहारींनी तर थेपले, चिवडा जवळ ठेवावाच. वाऱ्यात छत्री टिकत नाही, टोपीचा रेनकोट आणि पाणी आत न जाणारे बूट हवेत. वारा पडला की मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्या येतात; डोक्यावरून घ्यायची जाळी स्टॉर्नोवेत मिळते.

स्टॉर्नोवेत फिरताना एक नाव लक्षात असू द्या: कॉलिन मॅकेन्झी. भारताचा हा पहिला सर्व्हेअर जनरल. दक्षिण भारतातले शिलालेख आणि हस्तलिखितं त्याने हजारोंनी जमवली, आणि जन्म याच गावचा.