रात्रभर डोस, सकाळी ठणठण गोपाळ

मागच्या आठवड्यात एक प्रयोग असा काही बोंबलला की तीन दिवस मी भलत्याच जागी चूक शोधत बसले, म्हणून म्हटलं लिहून टाकू.

प्रश्न तसा साधा होता, लांबलेल्या स्ट्रेसने कॅन्सरच्या पेशींत काय होतं? स्ट्रेस आला की शरीरात ॲड्रेनलिन, नॉरॲड्रेनलिन वाढतं, ते कॅन्सरच्या पेशींवरच्या बीटा-२ रिसेप्टरला (बाहेरचा सिग्नल पकडणारं प्रोटीन) चिकटतं आणि पेशीच्या आत सायक्लिक एएमपी (आत निरोप पोचवणारा रेणू) वाढतं. २००६ मध्ये उंदरांवरचं एक काम आलं होतं, सतत स्ट्रेसमध्ये ठेवलेल्या उंदरांत ओव्हरीच्या कॅन्सरच्या गाठी जास्त वाढल्या, त्यात नव्या रक्तवाहिन्याही जास्त, आणि प्रोप्रॅनोलॉल (बीटा रिसेप्टर अडवणारं औषध, म्हणजे ब्लॉकर) दिल्यावर हा परिणाम थांबला. मग मी म्हटलं लांबलेला स्ट्रेस म्हणजे डोस रात्रभर ठेवायचा, सोप्पं! ब्रेस्ट कॅन्सरच्या एमडीए-एमबी-२३१ पेशी घेतल्या, त्यांच्यावर आयसोप्रोटेरेनॉल (ॲड्रेनलिनसारखंच औषध, पण ते बीटावरच काम करतं, अल्फा नावाच्या दुसऱ्या रिसेप्टरची भानगड नको), आणि घरी गेले.

सकाळी तीनदा वॉश, ताजा डोस, सायक्लिक एएमपी मोजलं तर रेघ सपाट.

पहिला संशय औषधावर, कारण ट्यूब बघितली तर पाणी चक्क गुलाबी झालेलं. आयसोप्रोटेरेनॉल हवेने ऑक्सिडाइज झालं की असा रंग येतो. स्वतःला दोन शिव्या घातल्या, नवीन पावडर तोलली, या वेळी ऑक्सिडेशन रोखणारं ॲस्कॉर्बिक ॲसिड घालायला विसरले नाही, आणि सगळं पहिल्यापासून केलं. परत सपाट. पण गंमत अशी की त्याच प्लेटवर ज्या वेल्सना (प्लेटवरच्या छोट्या वाट्या) रात्री काहीच दिलं नव्हतं त्यांनी त्याच ट्यूबमधल्या डोसला मस्त उसळी मारली. म्हणजे औषध ठीक. मग फोर्स्कोलिन टाकलं, ते रिसेप्टरला विचारत नाही, सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या ॲडिनिलिल सायक्लेज एन्झाइमला थेट कामाला लावतं, आणि रात्रभरवाल्या पेशींतही रिडिंग वर गेलं. पेशी जिवंत, आतली मशिनरी चालू, बहिरा झालाय तो फक्त रिसेप्टर.

हे सगळं पुस्तकात वाचलेलं होतं हो, लेफकोविट्झ आणि कोबिल्का यांना याच रिसेप्टर घराण्यावरच्या कामासाठी २०१२ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं हेही पाठ होतं, पण समोर आलं तेव्हा ओळखलं नाही. होतं काय, की डोस लागल्यावर काही मिनिटांतच जीआरके नावाची एन्झाइम्स रिसेप्टरच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेट लावतात, मग बीटा-अरेस्टिन तिथे येऊन बसतं आणि सिग्नल पुढे नेणाऱ्या जी प्रोटीनला जवळ फिरकू देत नाही. पुढे पेशीच्या पृष्ठभागावरच्या, क्लॅथ्रिन नावाच्या प्रोटीनच्या खळग्यातून अख्खा रिसेप्टर आत ओढला जातो. थोड्या वेळाचा डोस असेल तर बरेचसे रिसेप्टर फॉस्फेट काढून परत पृष्ठभागावर येतात, पण तासन्‌तास डोस राहिला की पुष्कळसे लायसोसोममध्ये जाऊन मोडीत निघतात, आणि मग नवीन बनेपर्यंत वाट बघा.

बरं, अरेस्टिन म्हणजे नुसतं बूच नाही. ते सार्कसारख्या प्रोटीन्सना तिथे गोळा करतं आणि त्यातून ईआरके या एन्झाइमचा रस्ता चालू होऊ शकतो असं १९९९ पासून दिसत आलंय, आणि पेशी वाढण्याच्या भानगडीत ईआरके म्हणजे नेहमीचा गडी. जी प्रोटीनच्या मदतीशिवाय अरेस्टिन एकटं हे करू शकतं का यावर भांडणं चालू आहेत. पण मुद्दा असा की नुसतं सायक्लिक एएमपी मोजून ‘सिग्नल बंद’ म्हणणं अर्धवट आहे, आणि ‘२४ तास डोस दिला’ एवढंच लिहून त्याला क्रॉनिक स्ट्रेस म्हणायचं हे मला आता अजिबात पटत नाही. रक्तातलं ॲड्रेनलिन काही मिनिटांत साफ होतं, ते प्लेटवरच्या औषधासारखं एकाच पातळीवर रात्रभर बसून राहत नाही.

ब्लॉकरचं याच्या बरोब्बर उलटं. दीर्घकाळ प्रोप्रॅनोलॉल घेतलं की रिसेप्टर वाढू शकतात, म्हणून हृदयाच्या पेशंटला ते एकदम बंद करू देत नाहीत.

तर आता १५ मिनिटं डोस, तीन वॉश, मग साधं मीडियम, असं चालू केलंय. काल दोन तासांच्या गॅपनंतर दुसऱ्या डोसला रिडिंग परत वर आलं, पहिल्याएवढं नाही पण आलं. रात्रभरवाल्या प्लेटला तेवढाच गॅप दिला होता, ती अजून ढिम्म.