एचटीटीपीएसची ती एक ओळ
आज सकाळपासून माझ्या लिनक्स कॉम्प्युटरवर एकाच गोष्टीने छळलं. मेलमधल्या कुठल्याही लिंकवर क्लिक केलं की जुनाच ब्राउझर उघडायचा. सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट म्हणून नवा स्पष्ट दिसत होता. दोनदा बदलून पाहिला, लॉगआउट करून पाहिलं, फरक शून्य.

शेवटी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं. कोणती लिंक कशात उघडायची हे सांगणाऱ्या 'एक्सडीजी-माइम' कमांडला आधी एचटीटीपीने सुरू होणाऱ्या लिंकांबद्दल विचारलं, तर उत्तर नवा ब्राउझर. मग एचटीटीपीएसबद्दल, म्हणजे त्याच्याच सुरक्षित प्रकाराबद्दल, विचारलं आणि जुन्याचं नाव आलं! लिनक्सच्या लेखी हे दोन वेगळे प्रकार, प्रत्येकाची नोंद स्वतंत्र. आणि आजकाल बहुतेक सगळ्या लिंका एचटीटीपीएसच्याच.

होम फोल्डरमधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात 'माइमअ‍ॅप्स.लिस्ट' नावाची साधी टेक्स्ट फाइल असते. त्यातच एचटीटीपीएसची ती ओळ सापडली, बरोबरच्या चिन्हापुढे जुन्या ब्राउझरच्या डेस्कटॉप फाइलचं (प्रोग्रॅमची ओळख सांगणाऱ्या फाइलचं) नाव. मला लिनक्स आवडतं ते यासाठीच, बिघाड चक्क वाचता येतो. आधी फाइलची कॉपी काढून ठेवली (हे विसरू नका), मग त्या ओळीत नव्या ब्राउझरचं नाव घालून सेव्ह केलं.

तीच लिंक पुन्हा दाबली. नवा ब्राउझर उघडला! इतका आनंद झाला की आणखी चार लिंका उगाच उघडून पाहिल्या.

'मेलटू'ची (ईमेल पत्त्यांच्या लिंकांची) नोंद तपासायची राहिली आहे, ती उद्या.