दाखल्यावरची 1 जून

"जमिनीला बारा वर्षं असतात की ओ साहेब, घाई काय?" सोलापूरच्या कोर्टात दिवाणी वकिली करणाऱ्याला जमिनीच्या दाव्याच्या मुदतीबद्दल हे वाक्य नेहमी ऐकू येतं. माझ्याकडे आलेला दक्षिण सोलापूर तालुक्यातला हा मुलगाही गावातल्या कुणा जाणत्याकडून तेच ऐकून निवांत राहिला होता.

वडील वारले तेव्हा तो पहिलीत होता. वाटणीत वडिलांच्या वाट्याला आलेली चार एकर काळी जमीन आई आणि मुलगा अशा दोघांच्या नावे लागली. सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क. आई', म्हणजे अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलाची पालनकर्ती आई. पुढे दवाखान्याचं देणं अंगावर आलं आणि आईने स्वतःसाठी व मुलाच्या वतीने चारही एकर विकली. अज्ञानाची जमीन विकायला आधी कोर्टाची परवानगी लागते, हे तिला कुणी सांगितलंच नाही. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 8 प्रमाणे असा व्यवहार मुलाला रद्द करून घेता येतो. आईचा अर्धा हिस्सा गेला तो गेला, पण मुलाचे दोन एकर परत मिळवायला वाव होता.

वाव होता, पण मुदतीत. मालकी हक्कावरून कब्जा मागायला बारा वर्षं मिळतात, हे खरं आहे. 1963 च्या मुदतीच्या कायद्यात अनुच्छेद 65 मध्ये ते लिहिलेलं आहे. पण पालकाने करून दिलेलं खरेदीखत मधे उभं असेल, तर आधी ते रद्द करून मागावं लागतं. त्यासाठी अनुच्छेद 60 आहे आणि तिथे मुदत आहे सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं. म्हणजे एकविसाव्या वाढदिवसाच्या आत दावा दाखल झालाच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या विश्वंभर विरुद्ध लक्ष्मीनारायण या निकालात नेमका हाच घोळ आहे. मुलांनी कब्जा मागितला, खरेदीखत रद्द करण्याची मागणी मात्र मुदत संपल्यावर घातली आणि सगळंच हातचं गेलं. उशीर माफीचा अर्ज अपिलाला चालतो, दाव्याला चालत नाही. समोरच्याने हरकत घेतली नाही तरी मुदतीच्या कायद्याच्या कलम 3 प्रमाणे न्यायालयाला मुदतबाह्य दावा फेटाळावाच लागतो. अडाणीपणामुळे उशीर झाला, ही सबब इथे कुणी ऐकत नाही. मला ते आजही क्रूर वाटतं.

शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून होती. ती बघूनच मी सावध झालो. आपल्याकडच्या खेड्यांत निम्मा वर्ग 1 जूनला जन्मलेला असतो, कारण पोराला शाळेत घालताना गुरुजींनीच ती तारीख टाकलेली असते. आई म्हणाली, "ऊन लई होतं ओ साहेब, पण पाऊस नव्हता आला." तेवढ्यावर दावा उभा राहत नाही. मी दोघांना ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा आणायला धाडलं.

एप्रिलची वीस तारीख होती. सकाळीच ऊन मी म्हणत होतं. दोघं एसटीतून उतरून थेट कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये आले. उताऱ्यात मुलाच्या नावाचा रकाना कोरा. लिंग पुरुष, वडिलांचं पूर्ण नाव, आईचं नाव, गाव, आणि जन्मदिनांक 23 एप्रिल. साल तेच. हातात जवळपास दीड महिना आहे असं जे वाटत होतं, तिथे तीन दिवस उरले होते. 1 जून उन्हाळी सुट्टीत येतो, मग कोर्ट उघडल्यावर पहिल्या दिवशी दाखल करता येईल, असाही एक हिशोब कारकुनाने मांडून ठेवला होता. तो तिथेच संपला.

वादपत्र टाईप करायला बसलो. विनंतीच्या कलमात पहिलं वाक्य खरेदीखत रद्द करण्याचं, मग दोन एकरांचं वाटप आणि कब्जा. पक्षकारांची नावं घालताना मी थांबलो. प्रतिवादी एक, खरेदीदार. प्रतिवादी दोन, आई. खत तिने करून दिलेलं आणि ती सहहिस्सेदारही होती, तिला बाहेर ठेवता येत नव्हतं. मुलगा एकदम म्हणाला, "आईवर केस नाही करायची मला." मी समजावू लागलो, तर ती माऊलीच त्याला थांबवत म्हणाली, "घाला की ओ साहेब माझं नाव. अंगठा माझाच हाय त्या कागदावर."

पुढे नुसती धावपळ. कोर्ट फी, प्रतिज्ञापत्र, वकीलपत्र, कागदयादी, पत्ता मेमो. मुलाची सही थरथरत होती म्हणून एक पान पुन्हा काढलं. शिरस्तेदारांनी शिक्का मारून नंबर दिला तेव्हा दिवस मावळतीकडे झुकला होता.

खरेदीदाराची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, नंतर आली. तिच्यात पहिला मुद्दा मुदतीचाच. वादीने शाळेची खोटी तारीख धरून दावा केला असं म्हणत त्यांनी सोबत जोडला होता तोच ग्रामपंचायतीचा उतारा, 23 एप्रिलचा. आमच्या दाव्यावर 20 एप्रिलचा शिक्का आहे. दुसरा मुद्दा त्यांनी दिलेल्या पैशांचा, आणि तो मला रास्त वाटतो. खत रद्द करताना मुलाच्या वाट्याला आलेला लाभ परत द्यायला न्यायालय सांगू शकतं, आणि मुलाची त्याला तयारी आहे. आता आईची साक्ष व्हायची आहे.