एक पाय वर

बंडूला पहिल्यांदा बघणारे लोक हमखास विचारतात, याच्या पायाला काय झालंय. चौथ्या मजल्यावरचे काका तर लिफ्टमध्ये हळदीचा लेप सुचवून गेले. पायाला काहीही झालेलं नाही हो. सकाळी सव्वासहाला तो गॅलरीत उभा असतो, पुढचा उजवा पाय उचलून दुमडलेला, मान पुढे, शेपूट कपडे वाळत घालायच्या दांडीसारखी सरळ, आणि समोरच्या विंगमधल्या कुणाच्या तरी एसीच्या डब्यावर एक कबुतर बसलेलं असतं. बस. एवढंच झालेलं असतं.

बंडू पॉइंटर जातीचा शिकारी कुत्रा आहे. इंग्लिश पॉइंटर, पांढरा आणि त्यावर कॉफी सांडल्यासारखे डाग. नवऱ्याच्या ऑफिसमधले एक जण कायमचे परदेशात गेले आणि त्यांनी हे चार महिन्यांचं पिल्लू "तुम्ही नाही तर कोण" असं म्हणत आमच्या गळ्यात घातलं. कागदावर त्याचं नाव चार शब्दांचं इंग्रजी आहे, ते वाचून आई (म्हणजे माझ्या सासूबाई) म्हणाल्या, हे हाक मारायचं नाव आहे की इमारतीचं, आणि त्यांनी तिथल्या तिथे बारसं उरकलं. आता खरं सांगायचं तर हा कुत्रा मुंबईत पाळू नये. अजिबात नाही. दिवसभर शेतंच्या शेतं धावून काढायला तयार केलेलं जनावर ते, आणि आम्ही त्याला मुलुंड ईस्टला वन बीएचकेत ठेवलंय, रोज पहाटे पाचला मिठागर रोडला नवरा त्याच्यामागे धावतो, म्हणजे खरं तर ओढला जातो, आठ किलो वजन कमी झालंय त्याचं. नवऱ्याचं.

तर पॉइंट, म्हणजे हे पाय उचलून गोठणं. मांजर उंदरावर झडप घालायच्या आधी दबा धरतं ना, क्षणभर अगदी दगड होतं, तोच क्षण माणसांनी काही शे वर्षं निवडून निवडून कुत्र्यात ताणत नेला. दबा धरायचा पण झडप घालायची नाही. वाऱ्यावर नाक वर धरून धावायचं, तित्तर नाहीतर लाव्याचा वास आला की जागच्या जागी गोठायचं, आणि मागून मालक येईपर्यंत तसंच राहायचं. मग मालक पुढे होऊन पक्षी उडवणार, बंदूक चालवणार, आणि तोवर यानं हलायचं नाही. बंदुका यायच्या आधी म्हणे जाळं टाकायचे, म्हणून सेटर नावाचे यांचे चुलतभाऊ जमिनीला चिकटून बसायचे, म्हणजे वरून जाळं ओढून घेता यावं. आमच्या गॅलरीलाही जाळं आहे. फक्त ते आम्ही कबुतरांसाठी आठशे रुपये देऊन बसवलंय आणि शिकारी जाळ्याच्या आत आहे.

हे सगळं आईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि मग? गोळी कोण घालणार?"

कुणीच नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली दारंही लावून घेतली, तित्तर-लावे मारणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि ते बरंच आहे. पण बंडूच्या अंगातलं ते वाक्य अर्धंच राहतं. तो आपला कर्ता आणि कर्म सांगून थांबतो, क्रियापद आमच्याकडे नाहीये.

एका ओळखीच्या हँडलरने, म्हणजे शोमध्ये कुत्री फिरवणाऱ्या माणसाने, सांगितलं की याला डॉग शोमध्ये उतरवा, हाडं चांगली आहेत. झालं. नवऱ्याच्या डोक्यात भुंगा शिरला. त्यात त्याला कळलं की न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर केनेल क्लबच्या बोधचिन्हावर पॉइंटरच आहे, सेन्सेशन नावाचा, १८७७ पासून भरतोय तो शो, मग काय विचारता, चिन्हावरचा फोटो फॅमिली ग्रुपवर आला आणि खाली "आपला बंडू सेम टू सेम".

आधी वाटलं घरी थोडं पॉइंटचं शिक्षण पण देऊ. त्याची पद्धत अशी की काठीला दोरी, दोरीला पक्ष्याचं पंख, आणि ते पिल्लासमोर फिरवायचं. आमच्याकडे कपडे वाळत घालायची काठी होती, सुतळी होती आणि कबुतराच्या पिसांना तर मुंबईत तोटाच नाही. लेकीने हॉलमध्ये काठी फिरवली, बंडू दोन उड्या मारून पंख्याखाली आला, पीस पुन्हा जमिनीला टेकलं आणि तो असा थांबला की आम्ही सगळे एकदम गप्प झालो. चार महिन्यांचं पोर. आदल्या दिवशी माझी चप्पल खाल्ली होती त्याने. कुणी शिकवलं नव्हतं, त्याच्या आईने जन्मात पक्षी मारलेला नसेल, आणि तरी तो पाय वर, अंगातून बारीक थरथर, डोळ्यांत काहीतरी फार जुनं. हँडलरला व्हिडिओ पाठवला तर ते ओरडलेच, जास्त करू नका म्हणाले, तो डोळ्यांनी पॉइंट घ्यायला शिकेल आणि नाक वापरणं सोडून देईल, ही जात नाकाची आहे. काठी परत बाथरूममागे गेली.

नाकाचं म्हणाल तर पावसाळ्यात बघा त्याला. ओलाव्यात वास जास्त टिकतो, जुलैत आमचा रस्ता म्हणजे त्याच्यासाठी रविवारचा पेपर, एकेक खांब सावकाश वाचत जातो. पण गंमत अशी की मासेवाली जिन्यात टोपली उतरवते तेव्हा हा पाय वगैरे काही उचलत नाही, सरळ शेपूट हलवत लाळ गाळत भीक मागतो. बोंबील वेगळा, कबुतर वेगळं. एक पोटाचं, एक धर्माचं.

शोचं उभं राहणं मात्र पूर्ण निराळं प्रकरण आहे. त्याला स्टॅक म्हणतात. चारही पाय जमिनीवर, पुढचे दोन खांद्याच्या बरोबर खाली, मागचे थोडे मागे नेऊन टाचेपासून खाली सरळ उभे, मान वर, पाठीची रेघ नीट, शेपूट पाठीच्या लेव्हलला. पॉइंटरची शेपूट मुळाशी जाड आणि टोकाला निमुळती हवी, इंग्रज तिला मधमाशीच्या नांगीची उपमा देतात. त्यातही भानगडी, अमेरिकेत मैदानात कुत्रे उतरवणाऱ्यांना म्हणे शेपूट घड्याळात बारा वाजल्यासारखी ताठ वर आवडते आणि शोवाल्यांना आडवी. बंडूची साधारण पावणेतीन वाजल्यासारखी असते, म्हणजे आम्ही शोवाल्यांच्या बाजूचे.

पाय हलू नयेत म्हणून लोक कुत्र्याला चार छोट्या ठोकळ्यांवर उभं करतात, एक पाय घसरला की त्याचं त्यालाच कळतं. आमच्याकडे ठोकळे कुठले, देवघराच्या बाजूचे दोन पाट घेतले, एकावर पुढचे पाय, एकावर मागचे, समोर कपाटाचा आरसा, माझ्या हातात उकडलेली कलेजी. आई आतून आल्या, बघितलं, म्हणाल्या, "मुंज लावताय का त्याची?" मग पाटांखाली जुने पेपर घालायचे आणि नंतर पाट धुऊन ठेवायचे या अटीवर परवानगी मिळाली. दुसऱ्या आठवड्यापासून त्या स्वतःच शेजारी खुर्ची टाकून बसायला लागल्या, "मागचा डावा आत आलाय" वगैरे सांगायच्या, आणि त्यांचं बरोबर असायचं.

हुकूम म्हणून आम्ही "थांब" ठरवला. इथे चूक झाली. इंग्रजीत यासाठी जो "व्होआ" शब्द वापरतात तो घोडा थांबवायचा आहे, घरात एरवी कुणी बोलत नाही. आपण दिवसभर थांबच म्हणत असतो. थांब जरा, फोनवर आहे. थांब गं, दूध आलंय. आई टीव्हीवरच्या सासूला थांब म्हणायच्या आणि बंडू स्वयंपाकघराच्या दारात पुतळा. लिफ्टमध्ये कळस झाला, मी आतल्या माणसाला "थांबा थांबा" म्हणून ओरडले, तो बिचारा बटण दाबून थांबला, आणि बंडू बाहेर पॅसेजमध्ये थांबला, एक मिनिट दोघं एकमेकांकडे बघत होते.

मध्यंतरी दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, २०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट, ती ताडपत्री लोकांनी फाडली, कोर्ट, आंदोलनं, डॉक्टरांचे फुफ्फुसांबद्दलचे इशारे, अख्ख्या शहराला कबुतराबद्दल मत होतं. आमच्या घरातही दोन पक्ष. पण त्या सगळ्या काळात कबुतराकडे निव्वळ कबुतर म्हणून बघणारा मुंबईत एकटा बंडूच असावा. ना दाणे टाकायचे, ना हाकलायचं. नुसतं दाखवायचं, हे बघा, इथे आहे.

शो हिवाळ्यात होता, आपल्याकडे बहुतेक तेव्हाच असतात, उन्हाळ्यात त्या केसाळ कुत्र्यांचे हाल होतील. रविवारी भल्या पहाटे दोन टॅक्सीवाल्यांनी नाही म्हटल्यावर मित्राच्या गाडीतून पोचलो. मैदानभर ड्रायर, कंगवे, पावडरी, एका पूडलची तयारी तर आमच्या लग्नातल्या माझ्या तयारीपेक्षा जास्त वेळ चालली होती. बंडूला ओल्या फडक्याने पुसलं, संपलं. दंडावर रबर बँडने नंबर लावून नवरा रिंगच्या कडेला उभा, खिशात कलेजी, कपाळावर घाम. आईंना मी समजावत होते की जज दात बघतात, खांदे चाचपतात, आणि नर असेल तर मागचंही, दोन्ही गोट्या नीट उतरल्यात ना ते. "सगळ्यांसमोर?" आईंनी पदर तोंडाला लावला, पण बघितलं सगळं नीट.

तिथे बसल्या बसल्या मला एक वाचलेलं आठवलं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला १८५९ च्या जूनमध्ये जो डॉग शो भरला त्याला बहुतेक जण आजच्या शोंची सुरुवात मानतात, त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर होते, साठच्या आसपास कुत्रे, आणि बक्षीस काय तर बंदुका. म्हणजे वाक्य पूर्ण करायची सोय तिथेच. आणि पुढे ऐका, पॉइंटरमध्ये जिंकला तो कुत्रा सेटरच्या जजचा, आणि सेटरमध्ये जिंकला तो पॉइंटरच्या जजचा. सोसायटीच्या गणपतीत रांगोळी स्पर्धेला काही वेगळं होत नाही.

आमच्या वर्गात पॉइंटर दोन. बंडू आणि एक काळा-पांढरा, पुण्याहून आलेला, अतिशय सभ्य. उभं राहणं छान झालं, पाटांचं पुण्य. दात झाले, मागचं झालं. मग जज म्हणाले दोघांना गोल पळवा, त्यांना चाल बघायची असते. पुढे बंडू, मागे पुणेकर. अर्धी फेरी झाली आणि रिंगच्या कोपऱ्यात, दोरीच्या पलीकडे गवतात एक साळुंकी उतरली.

नवरा तीन पावलं पुढे गेला तेव्हा त्याला कळलं की पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला खांब आहे. पाय वर, मान पुढे, शेपूट दांडी. नवरा कलेजी दाखवतोय, लाडाने बोलतोय, दात ओठ खातोय, काही नाही. आणि त्याहून भारी म्हणजे मागचा पुणेकर. त्याला साळुंकी दिसत नव्हती, वारा उलटा होता, वासही नसणार. त्याने फक्त बंडूला बघितलं आणि तोही जागच्या जागी गोठला. याला बॅकिंग म्हणतात, पुढच्याने पॉइंट घेतला की मागच्याने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून थांबायचं, मध्ये घुसायचं नाही. मी हे वाचलं होतं, व्हिडिओत बघितलं होतं, पण मुंबईतल्या धुळकट मैदानात, शेजारी वडापावची गाडी, लाऊडस्पीकरवर कुणाच्या तरी हरवलेल्या किल्ल्यांची घोषणा, आणि मध्ये हे दोघं एकामागे एक असे. रिंग बंद पडली. जज आधी घड्याळाकडे बघत होते, मग त्यांनी कागद काखेत धरला आणि तेही बघत राहिले. आई मोठ्याने म्हणाल्या, "कुणीतरी उडवा रे तिला." एका पोराने टाळी वाजवली, साळुंकी गेली, दोन्ही कुत्री पुन्हा कुत्री झाली.

पहिला नंबर पुणेकराला. त्याची चाल खरंच सुंदर होती, तक्रार नाही. घरी शेजारच्या काकूंनी विचारलं तर आई ठसक्यात म्हणाल्या, "दुसरा आला." कितीतून ते काकूंनी विचारलं नाही, आईंनी सांगितलं नाही. रिबन फ्रिजवर आहे.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सव्वासहाला मी गॅसवर चहा ठेवून बाहेर आले तर गॅलरीत बंडू एक पाय वर, त्याच्या मागे लेक तोंडात ब्रश तसाच धरून, तिच्या मागे नवरा टॉवेलवर, आणि आई हातात दुधाची पिशवी घेऊन उंबऱ्यात. कुणी हलत नव्हतं. मीही मग उभी राहिले. एसीच्या डब्यावरचं कबुतर दोनदा घुमलं, तिरकं चाललं आणि उडालं. बंडूने पाय खाली ठेवला आणि रोजच्यासारखं मान वळवून मागे आमच्याकडे बघितलं.

"असा बघू नकोस," आई म्हणाल्या, "नाहीये आमच्याकडे बंदूक." आणि त्यांनी त्याला टोस्टचा तुकडा दिला. तो तसाच त्याच्या तोंडात राहिला, कारण कबुतर परत आलं होतं.